रूळ उघडण्याचा मान

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी आधी घोटभर पाणी पितो. खून, दरोडे, किनाऱ्याला लागलेली बेवारस प्रेतं, सगळं मी पोलीस सेवेत पाहिलं. त्यातलं काहीच मला झोपेतून उठवत नाही. पण बायको सांगते की अजूनही मी कधीतरी झोपेत विचारतो, "एवढंच सांगा, रूळ कोणी उघडला?"

रत्नागिरी म्हटलं की लोकांना पावसचा हापूस आठवतो, नाहीतर जयगडची जहाजं. ऊस कोणाला आठवत नाही, आणि उसाची रेल्वे तर कोणी ऐकलेलीही नसते. पण जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, बारमाही नदीच्या काठावर माझ्या हद्दीतलं एक गाव होतं. त्या गावाने भाताचे मळे मोडून ऊस लावला, संस्था काढली, गुऱ्हाळ काढलं. मळे वर नदीकाठी आणि गुऱ्हाळ खाली सडकेला. मधली जमीन अशी की ट्रॅक्टर रुतला की दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचा, आणि मग दोन्ही रुतायचे. तेव्हा घाटावरच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची ऊस वाहायची छोटी लाइन भंगारात निघाली होती. गावाने ती उचलून आणली आणि अंथरली. इंजिन नव्हतं. रिकाम्या ट्रॉल्या सकाळी ढकलत वर न्यायच्या. भरल्या की त्या उताराने आपोआप खाली येत. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे एक माणूस ब्रेकच्या दांडीवर उभा असे.

या लाइनीची देखभाल मुकादमांकडे होती. मुंबईत रेल्वेच्या रुळांवर आयुष्य काढून, गँगचे मुकादम म्हणून निवृत्त होऊन ते गावच्या बौद्धवाडीत परतले होते. रोज सकाळी पहिली ट्रॉली हलण्याआधी ते सगळी लाइन चालायचे, प्रत्येक जोडावर हातोडा मारायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. काखेत लाल आणि हिरवा झेंडा. त्या लाइनीवर झेंड्यांचं काहीच काम नव्हतं, पण झेंड्यांशिवाय ते रुळात पाय ठेवत नसत. कोणी रुळावर बसलेलं दिसलं तर असे ओरडत की नदीपलीकडच्या म्हशी माना वर करीत. गाव त्यांना कंटाळलेलं होतं. आम्हीही होतो. रुळावर चादर वाळत घातली म्हणून त्यांनी एका बाईविरुद्ध लेखी तक्रार दिली होती, आणि तक्रारीचं काय झालं हे विचारायला ते दर आठवड्याला ठाण्यात येत.

आता त्या गावची रीत सांगायला हवी, कारण प्रकरणाचं मूळ तिच्यात आहे. लाइन टाकताना गावाने संस्थेला अट घातली होती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या वाटेने जाते, त्या वाटेत लोखंड आडवं येता कामा नये. म्हणून पालखी येण्याआधी वाटेवरचा रुळाचा तुकडा काढायचा, देवी मातीवरून पुढे जाणार, आणि मग तुकडा परत बसवायचा. काढायचा मानकऱ्याने. सुटलेला पहिला बोल्ट गुलाल लावून त्याच्या देव्हाऱ्यात जायचा. परत कोणी बसवायचा, यावर मात्र गावात कधी भांडण झालं नाही. उघडणं हा मान होता, जोडणं हे काम होतं. ते मुकादमांनी करायचं. दरवर्षी ते खिशात एक जादा बोल्ट टाकून यायचे आणि देव्हाऱ्यात गेलेल्याच्या जागी बसवायचे.

मानाचे दावेदार दोन. त्यांच्यात पहिला कोण, यावर दिवाणी दावा चालू आहे, तेव्हा मी कोणालाही पहिला म्हणणार नाही. एक सदा टोपी घालायचे आणि दुसऱ्यांना जाड भिंगांचा चष्मा होता. टोपीवाले आणि चष्मेवाले म्हणू. दोघांच्या दोन वाड्या, आणि प्रत्येक वाडी आपापल्या पुढाऱ्याच्या मागे.

त्या वर्षी टोपीवाल्यांनी रूळ उघडला, पालखी सुखरूप गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून ठाण्यात खबर आली. उसाने भरलेली ट्रॉली घसरून उलटली होती आणि ब्रेकवर उभा असलेला माणूस तिच्याखाली सापडला होता. पाय मांडीतून मोडला होता. तरणा, नुकताच बाप झालेला माणूस. तो वाचेल की नाही याची डॉक्टर त्या दिवशी खात्री देत नव्हते.

मी हवालदाराला घेऊन जागेवर गेलो. ट्रॉली पालखीच्या वाटेवर घसरली नव्हती. ती बरीच वर, एका जुन्या आंब्याखाली घसरली होती. तिथल्या जोडाला चार बोल्ट हवेत. दोनच होते, आणि तेही हाताने फिरवून ठेवलेले. गेलेले दोन एकाच बाजूचे. म्हणजे एका रुळाचं टोक नुसतं टेकवलेलं होतं. भरली ट्रॉली आली आणि ते टोक बाजूला सरकलं. पंचनामा लिहून होईपर्यंत गाव गोळा झालं, आणि गावाच्या तोंडात नाव एकच.

संस्थेचे चेअरमन म्हणाले, "साहेब, उघड हाय. देखभाल मुकादमाची, चूक मुकादमाची. आज अटक करून टाका, म्हंजे विषय मिटला."

टोपीवाले म्हणाले, म्हातारा झालाय, दिसत नसेल. चष्मेवाले म्हणाले, हल्ली त्याचं लक्षच नसतं. मी सेवेत त्या दोघांना एका मतावर आलेलं पहिल्यांदा पाहत होतो. हवालदार त्याच भागातला. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "ह्ये दोगं एक झाले म्हंजे कायतरी कुजलंय, साहेब."

मुकादमांचा जबाब घेणं ही एक शिक्षा होती. जबाब लिहिणाऱ्या रायटरने दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला 'लोखंडी पट्टी' लिहिलं तर ते म्हणाले 'फिशप्लेट' लिहा. त्याने 'पाना' लिहिला तर म्हणाले, कुठला पाना? मी टेबलावर हात आपटला आणि सरळ विचारलं.

"काल पालखी गेल्यावर वाटेवरचा जोड बांधलात?"

"बांधला."

"आज सकाळी लाइन चाललात?"

"चाललो. आंब्याखालच्या जोडावर हातोडा मारला. चारी बोल्ट जाग्यावर होते, घट्ट होते."

"मग दुपारपर्यंत दोन गेले कुठे?"

"साहेब, बोल्ट बघणं माझं काम. चोर बघणं तुमचं."

रिकाम्या ट्रॉल्या वर गेल्यानंतर ते दुपारपर्यंत गुऱ्हाळावर बसून होते, हे गुळव्याने सांगितलं. मधल्या वेळात आंब्याखाली कोण आलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते गावाला विचारा. पालखीला मी जात नाय, पालखी आमच्या वाडीत येत नाय. दोघांचं बरं चाललंय."

जबाबावर सही करून उठताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "माझ्या गँगच्या हद्दीत कधी गाडी घसरली नाय, साहेब. गुन्हा लावायचा तर लावा. पण आधी बोल्ट शोधा."

निष्काळजीपणाने जबर दुखापत, आणि जखमी गेला तर मृत्यू. कागदावर प्रकरण सोपं होतं. आरोपी समोर होता, गाव साक्षीला तयार होतं, वरून फोन येत होते. मी अटक केली नाही. बोलावू तेव्हा हजर राहायची नोटीस दिली. मुकादमांनी तिचा अर्थ असा घेतला की रोज हजर राहायचं. सकाळी लाइन चालून झाली की ते ठाण्याबाहेरच्या बाकावर येऊन बसत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठाणे अंमलदाराला कळवलं की बाकाचा एक नट ढिला आहे.

मग मी दोन्ही वाड्या चाळल्या. असे जबाब मी आयुष्यात लिहिले नाहीत. एकाचे त्या सकाळी डोळे दुखत होते. एकजण दाढदुखीने झोपून होता. एका वहिनींच्या अंगणाच्या कडेने रूळ जातो. त्या म्हणाल्या आमच्या घरातून रूळ दिसत नाही. मी त्यांना हाताने दाखवला. त्या म्हणाल्या, "दिसतो तो, पन आमी बगत नाय." एका आजोबांना मी काहीही विचारलं तरी ते देवीचा महिमा सांगत. कोकणातला माणूस खोटं बोलत नाही, असं माझे एक वरिष्ठ म्हणायचे. बरोबर आहे. त्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही. तो खऱ्याच्या अगदी जवळून असा जातो की त्याला खऱ्याचा धक्का लागत नाही.

धागा मिळाला तो गावाबाहेरच्या बाईकडून. खाडीवरून टेम्पोने मासे घेऊन येणारी एक मावशी ठाण्यासमोर थांबायची. हवालदार तिच्याकडे बांगडे घेत असताना ती त्याच्यावर उखडली. काय गाव आहे म्हणे तुमचं. पालखी गेली, आता लोक मासे खातील म्हणून तिने पाटी भरून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांच्या वाडीत गेली तर एका घरात माणूस नाही. सगळी तिकडे आंब्याखाली, देवीचं निशाण घेऊन, ढोल वाजवत. "पालखी आदल्या दिशी गेली ना? मग ह्यो ढोल कसला? माजं मासं उन्हात ऱ्हायलं, त्याचं काय?"

हवालदार बांगडे तिथेच ठेवून धावत आत आला.

मी चष्मेवाल्यांना बोलावलं. ढोल? पोरं वाजवीत असतील. निशाण? ते बाहेर काढून झटकत होतो. मग मला वाटलं, आपण मूर्ख आहोत. चष्मेवाल्यांच्या वाईटावर टपलेला माणूस शेजारच्या वाडीत बसलाय, त्याला विचारलं की संपलं. मी अगदी आनंदाने टोपीवाल्यांना बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याखाली ढोल वाजला तो कोणाचा?

ते कप तोंडाशी नेत म्हणाले, "आमाला काय ढोल ऐकू आला नाय."

मी थक्क झालो. त्यांचं घर आंब्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्या माणसाशी पिढ्यान्पिढ्या वैर, त्याला गजाआड घालायची संधी मी ताटात वाढून समोर ठेवली होती, आणि हा गृहस्थ ताट सरकवत होता. ते गेल्यावर मी हवालदारावर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्यो कसा सांगल? चष्मेवाल्यानं आंब्याखाली रूळ उघडला, असं त्यानं जबाबात लिवून दिलं, तर चष्मेवाल्याचा वकील उद्या त्योच जबाब दिवाणी कोर्टात लावल. म्हनल, बघा, समोरची पार्टीच कबूल करते, रूळ आमी उघडतो. वहिवाट सिद्ध झाली की."

मी डोकं धरून बसलो. म्हणजे ज्याने केलं तो गुन्ह्याच्या भीतीने गप्प, आणि ज्याने पाहिलं तो शत्रूचा मान शाबीत होईल या भीतीने गप्प. आरोप हाच पुरावा ठरत असेल, तर आरोप करणार कोण? तिकडे ब्रेकवाला दवाखान्यात पडलेला, आणि इकडे बाहेरच्या बाकावर मुकादम, मांडीवर झेंडे ठेवून.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. 'रूळ कोणी उघडला' याला त्या गावात उत्तर मिळणार नव्हतं. 'रूळ उघडायचा मान कोणाचा' असं विचारलं असतं तर गर्दी आवरायला बंदोबस्त मागवावा लागला असता.

मी दोघांना एकत्र ठाण्यात बोलावलं. दोन खुर्च्या अगदी एका रेषेत मांडल्या, एक इंचही पुढेमागे नाही. अपघाताचा विषय काढला नाही. म्हणालो, पुढच्या शिमग्याला बंदोबस्त लावायचा तर मानाची नोंद हवी, वाद नको. यंदा काय झालं तेवढं लिहून घेतो, दोघांनी सह्या करा. टोपीवाल्यांनी छाती काढून सांगितलं की वाटेवरचा रूळ आम्ही उघडला, पालखी आमच्या हातून गेली. मी रायटरला मजकूर सांगितला आणि तो मोठ्याने, अगदी नाटकातल्या राजासारखा वाचला: "यंदा देवीसाठी रूळ केवळ यांनीच उघडला. दुसऱ्या कोणीही, कोठेही उघडला नाही."

टोपीवाल्यांनी अशी सही ठोकली की कागद फाटायचा राहिला. मी कागद चष्मेवाल्यांपुढे सरकवला आणि पेन दिलं.

त्यांनी पेन घेतलं. ठेवलं. चष्मा काढला, धोतराने पुसला, घातला. कागद वाचला. पुन्हा वाचला. मी पंख्याकडे पाहत बसलो.

"साहेब, ह्यो 'कोठेही' काडा."

"का? खरं नाही?"

"काडा म्हंतंय ना."

"खरं असेल तर सही करा. खोटं असेल तर सांगा, खोडतो."

ते गप्प राहिले असते. तेवढी अक्कल त्यांना होती. पण टोपीवाल्यांना राहवलं नाही. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "करा, करा सही. यंदा देवी कोणाच्या हातनं गेली ते लिवलेलं असूं दे."

झालं. चष्मेवाले उभे राहिले.

"तुमच्या हातनं? तुमी उघडलात ती बैलगाडीची वाट. देवीची मूळची वाट आंब्याखालनं. तिकडं आमी निशान नेलं, ढोल लावून रूळ उघडला. तुमी एक बोल्ट नेलात ना? आमी दोन नेले. जा, बगून या आमच्या देव्हाऱ्यात."

चष्मेवाले बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. ते हळूहळू खाली बसले. पण टोपीवाल्यांचा चेहरा त्यांच्याहून जास्त उतरला होता. ते हात जोडून मला म्हणाले, "साहेब, ह्ये मात्र लिवू नका."

दारात मुकादम येऊन उभे होते. बाकावरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते ओरडले नाहीत. चष्मेवाल्यांकडे पाहून एवढंच म्हणाले, "दोन नेलेत, आणि दोन्ही एकाच बाजूचे. मला हाक मारली असती तर मी जोडून दिला असता. त्या माणसाचा पाय शाबूत राहिला असता." आणि परत जाऊन बसले.

पोलिसापुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मानकऱ्यांना ठाऊक नसलं तरी त्यांच्या वकिलांना असतं. म्हणून मी पंच घेऊन तडक चष्मेवाल्यांच्या घरी गेलो. देव्हाऱ्यात, देवीच्या टाकाशेजारी, गुलालाने माखलेले दोन बोल्ट होते. त्यांच्या आईने वाट अडवली. ते आता देवीचे झाले, म्हणाली. मी नमस्कार केला आणि मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले. रूळ उचलणाऱ्यांची नावंही मिळाली, कारण एकदा मान उघड झाल्यावर हात कोणी लावला हे सांगायला वाडी उत्सुक होती. जोडताना कोण होतं, हे मात्र कोणाला आठवेना. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. पुढचं कोर्टात आहे, त्यावर मी बोलणार नाही. ब्रेकवाला वाचला. काठी घेऊन चालतो.

मुकादमांना मी सांगितलं, तुमच्यावर काही नाही, घरी जा. वाटलं, सुटलो म्हणून हसतील. ते म्हणाले, "साहेब, एकमेकांचं नाव घ्यायला यांना किती विचार करावा लागला. माझं घेताना कोणाला पाणीसुद्धा प्यावं लागलं नाय."

त्यांनी लाइन चालणं बंद केलं. संस्थेने दोन दिवस ऊस डोक्यावरून वाहिला, मग चेअरमन त्यांच्या घरी नारळ घेऊन गेले. मुकादमांनी नारळ घेतला नाही. म्हणाले, आंब्याखाली सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलंत, तिथंच सगळ्यांसमोर चुकलं म्हणा. मग मी येतो. गडबड नको म्हणून मला बोलावणं आलं, आणि मी गेलो.

आंब्याखाली दोन्ही वाड्या जमल्या. मुकादम एका बाजूला उभे, काखेत झेंडे. जामिनावर सुटलेले चष्मेवाले होते, टोपीवाले होते, चेअरमन होते. आता कोणीतरी सुरुवात करायची होती. टोपीवाले घसा खाकरून चष्मेवाल्यांना म्हणाले, "तुमी बोला आदी." चष्मेवाले म्हणाले, "नाय नाय, तुमी मोठे." जे खुर्ची इंचभर पुढे सरकली तरी कोर्ट गाठतील, ते दोघे भर गावात एकमेकांना मोठेपणा देत होते. चेअरमन दोघांच्या मागे सरकले. बराच वेळ हेच चाललं.

मुकादमांनी थोडा वेळ ऐकलं. मग त्यांनी हातोडा उचलला, म्हणाले, "ट्रॉल्या भरून उभ्या आहेत. तुमचं ठरलं की सांगा," आणि जोडांवर हातोडा मारत खाली चालू लागले. प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर थांबत होते.

त्या दिवसापासून माझा तपासाचा एक नियम झाला, आणि नव्या मुलांना मी तो सांगत आलो. सगळं गाव एका सुरात एकाच माणसाचं नाव घेऊ लागलं की पेन खाली ठेवा. आधी बघा, त्याचं नाव घेणं त्या गावात कोणाला महाग पडणार आहे का. कोणालाच पडणार नसेल, तर समजा तपासाला अजून सुरुवातच झालेली नाही.

माफी कोणी मागितली, असं लोक मला विचारतात. मी परवाच हवालदाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, अजून ठरलं नाय, साहेब. आणि मुकादम? ते रोज चालतात, म्हणाला.